मूल कुणाचे, त्याआधी न्यायालय कुणाचे

‘वकील’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो अरबीतून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ज्याच्यावर आपला मामला सोपवावा, तो वकील. मुसलमानांच्या निकाहात काळ्या कोटातला कुणी नसतो, तरी वकील असतो. वधू आत बायकांमध्ये बसलेली असते. तिचा वकील दोन साक्षीदारांना घेऊन तिच्याकडे जातो, अमक्याशी, इतक्या मेहेरवर निकाह कबूल आहे का, असे विचारतो आणि तिचा होकार बाहेर काझीपर्यंत पोचवतो. म्हणजे लग्न जुळतानाही वकील लागतो आणि ते मोडताना तर लागतोच. जिथे माणसाचा आवाज पोचत नाही तिथे तो पोचवणारा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ मनात धरून आज मला एका दूरच्या मुलखाचा इतिहास सांगायचा आहे.

शाळेच्या पुस्तकांत आपण ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हणत आलो, त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा हा इतिहास आहे. त्यांच्या लढाया आपल्याला सिनेमांनी दाखवल्या. मी बोलणार आहे ते घटस्फोट, मुलांचा ताबा आणि दत्तक या घरगुती वाटणाऱ्या गोष्टींविषयी. मी कायद्याचा पदवीधर नाही. पण या लोकांचे खटले वाचताना मला जाणवले की, त्यांच्या इतिहासातली फार मोठी लढाई घोड्यावर बसून नव्हे, तर कौटुंबिक दाव्यांच्या कागदांवर लढली गेली आहे.

अमेरिकेत सरकारने मान्यता दिलेल्या साडेपाचशेहून अधिक जमाती आहेत. त्यांतल्या कित्येकींची स्वतःची न्यायालये आहेत. ‘रिझर्वेशन’ म्हटले की आपल्याला नोकरीतल्या राखीव जागा आठवतात. तिकडे त्याचा अर्थ जमातीसाठी राखलेला मुलूख असा आहे. अशा जमातीतली एखादी बाई घटस्फोटासाठी किंवा मुलाच्या ताब्यासाठी वकिलाकडे गेली, तर जाणता वकील आधी भांडणाचे कारण विचारत नाही. तो विचारतो : तुमचे नाव जमातीच्या नोंदवहीत आहे का? नवऱ्याचे आहे का? मुलाचे आहे का? राहता कुठे, रिझर्वेशनच्या आत की बाहेर? या चार उत्तरांवर ठरते की दावा राज्याच्या न्यायालयात जायचा की जमातीच्या. कधी दोन्ही न्यायालये त्या दाव्यावर हक्क सांगतात. मूल कुणाचे हा प्रश्न नंतरचा. न्यायालय कुणाचे हा पहिला. हा पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क त्या लोकांना सहजासहजी मिळालेला नाही.

त्याची सुरुवात साधारण १८८० च्या आसपास शोधावी लागते. १८७९ साली रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलांचे केस कापले, नावे बदलली, मातृभाषा बोलण्यावर बंदी घातली. पुढे अशा शाळांचे जाळे पसरले. अमेरिकी सरकारच्या २०२४ च्या अहवालाने अशा ४१७ शाळांची नोंद केली आणि तिथे किमान ९७३ मुले दगावल्याचे मान्य केले. मूल आईपासून तोडायला तेव्हा कुठल्याही न्यायालयाचा हुकूम लागत नव्हता.

न्यायालये आली ती १८८३ मध्ये. पण ती जमातीची नव्हती. ‘इंडियन गुन्ह्यांची न्यायालये’ असे त्यांचे नावच होते. सरकारी एजंटाच्या देखरेखीखाली जमातीतलेच काही जण न्यायाधीश म्हणून बसत आणि आपल्याच माणसांना शिक्षा करत. गुन्हे कोणते? सूर्यनृत्य करणे, वैदूने आपल्या रीतीने उपचार करणे, एकाहून अधिक बायका करणे, लग्नात मुलीकडच्यांना मालमत्ता देणे. म्हणजे सण, औषध आणि लग्न हेच गुन्हे. आणि मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट पुढेच आहे. या न्यायालयांत व्यावसायिक वकिलाने उभे राहू नये असा नियम होता आणि तो १९६१ पर्यंत पुस्तकात होता. न्यायालय होते, न्यायाधीश होता, आरोपी होता. नव्हता तो फक्त वकील.

चित्र पालटू लागले ते एका उधारीच्या खटल्याने. ॲरिझोनात नवाहो जमातीच्या मुलखात एका गोऱ्या व्यापाऱ्याचे दुकान होते. एका नवाहो जोडप्याकडची उधारी थकली म्हणून त्याने राज्याच्या न्यायालयात दावा लावला. जानेवारी १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रिझर्वेशनच्या आत घडलेला हा व्यवहार राज्याच्या न्यायालयाच्या हद्दीत येत नाही. आपले नियम आपण करून त्यांनुसार चालण्याचा जमातीचा अधिकार त्याने धोक्यात येतो. ‘विल्यम्स विरुद्ध ली’ हा तो खटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवाहोंनी सरकारी छापाची जुनी न्यायालये बाजूला सारून स्वतःची न्यायव्यवस्था सुरू केली. किराणा दुकानाच्या वहीतून निघालेले हे तत्त्व पुढे घटस्फोटाला आणि मुलांच्या ताब्यालाही लागू झाले. नवरा-बायको दोघे जमातीचे आणि दोघेही रिझर्वेशनवर राहणारे असतील तर त्यांचा संसार मोडण्याचे काम जमातीच्या न्यायालयाचे, हे सर्वसाधारणपणे मान्य झाले.

मग वकील आले. १९६७ मध्ये नवाहो मुलखात गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी ‘डीएनए’ ही संस्था सुरू झाली. ही इंग्रजी आद्याक्षरे नाहीत; लोकांच्या जगण्याला उभारी देण्यासाठी झटणारे वकील, अशा अर्थाच्या नवाहो शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. पण या वकिलांचे स्वागत सर्वांनी केले असे नाही. बाहेरून आलेले हे तरुण गोरे वकील आपल्या कारभारात लुडबुड करतात, असे जमातीच्या पुढाऱ्यांना वाटे. ऑगस्ट १९६८ मध्ये एका बैठकीत संस्थेचे संचालक थिओडोर मिचेल भलत्या वेळी हसले. ॲनी वॉनेका या ज्येष्ठ सभासद तिथे होत्या. क्षयरोगाविरुद्ध घरोघर हिंडून काम केलेली ही बाई. राष्ट्रीय सन्मान मिळालेली. दुसऱ्या दिवशी भेट होताच त्यांनी मिचेलना थपडा मारल्या. जमातीने मिचेलना मुलखाबाहेर काढले आणि पुढच्या वर्षी संघराज्याच्या न्यायालयाने ती हद्दपारी रद्द केली. मला या थपडेत दोन्ही बाजू दिसतात. ज्या घराने शंभर वर्षे बाहेरचा माणूस फक्त हुकूम घेऊन आलेला पाहिला, त्याला बाहेरचा वकील हा मदतनीस आहे हे पटायला वेळ लागणारच.

आता मुलांकडे येऊ. निवासी शाळांचा जोर ओसरला, तरी मुले घरातून जातच राहिली. वाट तेवढी बदलली. १९५८ ते १९६७ या काळात सरकारी इंडियन ब्यूरो आणि बालकल्याण संस्थांचा एक राष्ट्रीय महासंघ यांनी मिळून मूळ रहिवाशांची ३९५ मुले, बहुतेक गोऱ्या कुटुंबांत, दत्तक दिली. या महासंघाने २००१ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पण ही संख्या म्हणजे हिमनगाचे टोक. १९६८ मध्ये नॉर्थ डाकोटातल्या डेव्हिल्स लेक सू जमातीने एका मदतसंस्थेला गाऱ्हाणे सांगितले. पाहणी झाली तेव्हा आढळले की तिथल्या एकवीस वर्षांखालच्या ११०० मुलांपैकी २७५ आपल्या कुटुंबापासून दूर होती. चौथा हिस्सा! मग त्या संस्थेने १९६९ आणि १९७४ मध्ये अनेक राज्यांत पाहणी केली. मूळ रहिवाशांची शंभरातली २५ ते ३५ मुले घराबाहेर, कुणा परक्या कुटुंबात, दत्तक किंवा संस्थेत वाढत होती.

हे कसे घडले? मारहाण हे कारण थोड्या ठिकाणी होते. बहुतेक ठिकाणी ‘दुर्लक्ष’ हा शब्द होता. आई कामाला गेली आणि मूल आजीकडे, मावशीकडे राहिले की समाजकल्याण खात्याची बाई वहीत लिही : आईने मूल टाकले. आपल्याकडे आजोळी वाढलेल्या मुलांची गणती करायला बसलो तर निम्मे गाव त्या वहीत जाईल. मिसिसिपीच्या चॉक्टॉ जमातीचे प्रमुख कॅल्विन आयझॅक यांनी १९७८ मध्ये संसदेपुढे हेच मांडले. मुलांविषयी निर्णय घेणाऱ्यांना आमच्या घरांची रीत आणि एकत्र नात्याचे मोल कळतच नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. आणि ज्या न्यायालयात हे निर्णय होत, तिथे आईच्या बाजूने बहुधा कुणी उभे नसे. काही बायांनी ज्या कागदावर सही केली तो कशाचा आहे, हे त्यांना कळले तेव्हा उशीर झालेला होता.

साउथ डाकोटाचे सिनेटर जेम्स अबूरेझ्क यांनी १९७४ मध्ये या प्रश्नावर सुनावण्या घेतल्या. १९७६ मध्ये ‘फिशर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सगळे पक्षकार नॉर्दर्न शायेन जमातीचे आणि तिच्याच मुलखातले असताना दत्तकाचा निवाडा जमातीच्याच न्यायालयात व्हायला हवा. आणि ८ नोव्हेंबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ‘इंडियन बालकल्याण कायद्या’वर सही केली.

या कायद्यातल्या बारीक तरतुदी वाचताना एकेका तरतुदीमागे कुणाचे तरी रडणे ऐकू येते. मुलाला घरातून काढण्याच्या कारवाईची नोटीस पालकांना आणि जमातीला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह गेली पाहिजे. ती पोचल्यावर दहा दिवस होईपर्यंत सुनावणी नाही. मागितले तर आणखी वीस दिवस मिळतात. दत्तकाची संमती न्यायाधीशासमोरच द्यायची आणि तिचा अर्थ आईला समजेल त्या भाषेत समजावून द्यायचा. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत दिलेली संमती फुकट. मूल घराबाहेर ठेवायचेच तर आधी नातलग, मग जमातीतले दुसरे घर. आणि आईबाप गरीब असतील तर न्यायालयाने त्यांना वकील द्यायचा. ही शेवटची तरतूद किती मोठी, ते तीन वर्षांनी कळले. १९८१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलावरचा हक्क कायमचा जाणार असला तरी गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील मिळेलच असे राज्यघटना म्हणत नाही. बाकी अमेरिकेतल्या गरीब आईला राज्यघटनेने जे दिले नाही, ते या कायद्याने मूळ रहिवासी आईला आधीच दिले होते.

पण एक मेख आहे. नवरा-बायकोच्या घटस्फोटात मूल दोघांपैकी एकाकडे जाणार असेल तर हा कायदा लागू होत नाही. तिथे पुन्हा तेच चार प्रश्न, आणि वकील आपला आपण, आपल्या पैशाने शोधायचा.

कायद्याची खरी परीक्षा १९८९ मध्ये झाली. चॉक्टॉ जमातीतल्या एका अविवाहित जोडप्याला डिसेंबर १९८५ मध्ये जुळी मुले झाली. आई रिझर्वेशनपासून सुमारे दोनशे मैल दूर बाळंत झाली होती. आईबापांनी तिथल्या राज्य न्यायालयात संमती दिली आणि महिन्याभरात मुले एका गोऱ्या कुटुंबात दत्तक गेली. जमातीने हरकत घेतली. राज्याचे सर्वोच्च न्यायालय म्हणाले, मुलांनी रिझर्वेशनवर पाऊलही ठेवलेले नाही, मग हद्द कसली? ‘होलीफील्ड’ नावाने गाजलेल्या या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी उलट निकाल दिला. आईचे घर ते मुलाचे घर, म्हणून निवाडा जमातीच्या न्यायालयाने करायचा. आईबापांनी मुलखाबाहेर जाऊन बाळंत झाल्याने जमातीचा हक्क संपत नाही.

तोवर मुले तीन वर्षांहून मोठी झाली होती. दत्तक घेणारी बाई या काळात विधवा झालेली. आता जमात मुले हिसकावून घेणार, अशी भीती बोलली जात होती. जमातीच्या न्यायालयाने १९९० मध्ये काय केले? मुले ज्या आईला आई म्हणत होती, तिच्याकडेच राहू दिली. जमातीच्या नातलगांशी त्यांचा संबंध राहील एवढे मात्र पाहिले. हा भाग मला सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. जमात मुलांसाठी जितकी लढली, तितकीच निवाडा करण्याच्या अधिकारासाठी लढली. आणि तो मिळाल्यावर तिने तो शहाणपणाने वापरला.

सगळेच खटले असे शहाण्यासारखे संपले नाहीत. २००९ मध्ये ओक्लाहोमात जन्मलेल्या एका मुलीचा बाप चेरोकी जमातीचा होता, आई नव्हती. आईने बाळ साउथ कॅरोलायनातल्या जोडप्याला दत्तक द्यायचे ठरवले. बाप जमातीचा आहे का, हे विचारणारे पत्र वकिलामार्फत चेरोकींकडे गेले. पण त्यात बापाच्या नावाचे स्पेलिंग चुकले होते आणि जन्मतारीखही. जमातीला नोंद सापडली नाही. बाप सैन्यात होता. मूल चार महिन्यांचे झाल्यावर, इराकला निघण्याच्या थोडे दिवस आधी, त्याच्या हातात कागद पडले आणि त्याने सही केली. आपण मुलीच्या आईच्या हक्कात सोडतो आहोत, असे त्याला वाटले होते, असे त्याने नंतर सांगितले. दुसऱ्याच दिवशी तो वकिलाकडे धावला. सव्वादोन वर्षांची मुलगी त्याच्याकडे आली. आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायद्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावल्यावर ती पुन्हा त्या जोडप्याकडे गेली. वकिलाची भेट सहीच्या आदल्या दिवशी झाली असती तर? इतिहासात ‘जर-तर’ला जागा नसते म्हणतात. कौटुंबिक न्यायालयात मात्र बहुतेकदा त्या एका दिवसावरच सारे अवलंबून असते.

त्याच २०१३ मध्ये साउथ डाकोटात दोन सू जमातींनी सरकारी अधिकाऱ्यांवर दावा लावला. मूल ताब्यात घेतल्यावर अठ्ठेचाळीस तासांत होणारी सुनावणी तिथे काही मिनिटांत उरकली जात होती. पालकांना वकील नाही, आरोपाचा कागदही हातात नाही. २०१५ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी जमातींच्या बाजूने निकाल दिला. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने, राज्याच्या कामात आम्ही पडायला नको होते, या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला. १९७८ चा कायदाच घटनाबाह्य ठरवा, असे म्हणणारा खटला शेवटी २०२३ च्या जूनमध्ये निकाली निघाला. सात विरुद्ध दोन मतांनी कायदा टिकला.

मी मुसलमान आहे, म्हणून या इतिहासाचा एक कोपरा मला टोचतो. न्यू मेक्सिकोतल्या सांता क्लारा प्वेब्लो या जमातीने १९३९ मध्ये नियम केला की पुरुषाने बाहेर लग्न केले तर त्याची मुले जमातीची. बाईने केले तर तिची मुले जमातीची नाहीत. एका आईने दाद मागितली. मे १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हा जमातीच्या घरातला प्रश्न, आम्ही त्यात पडणार नाही. योगायोग असा की १९३९ मध्येच आपल्याकडे मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला आणि मुसलमान बाईला न्यायालयात जाऊन फारकत मागण्याची कारणे मिळाली. १९८५ च्या शाहबानो निकालानंतरचे वादळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सांता क्लाराचा पेच समजावून सांगावा लागणार नाही. समाजाला आपले न्यायालय हवे, हे खरेच. पण त्या न्यायालयात बाईला जागा हवी आणि तिचा वकील हवा, हेही तितकेच खरे. यातले एक मिळवताना दुसरे सोडा, असे कुणी सांगू लागले की मी सावध होतो.

म्हणून त्या मुलखातल्या बाईने आज वकील नेमताना काय पाहावे, याचे उत्तर या इतिहासातच आहे. राज्याची सनद असली म्हणजे जमातीच्या न्यायालयात उभे राहता येतेच असे नाही. प्रत्येक जमात आपला प्रवेश आपण ठरवते, आणि काही ठिकाणी कायद्याची पदवी नसलेला, पण जमातीची रीत आणि भाषा जाणणारा ॲडव्होकेटही चालतो. तेव्हा त्याला त्या न्यायालयात उभे राहता येते का, हे आधी विचारावे. दोन्ही न्यायालयांत काम केले आहे का, एका न्यायालयाचा हुकूम दुसऱ्याकडून मानला जावा यासाठी काय करणार, हे विचारावे. नोंदवहीतले नाव आणि जन्मतारीख तो स्वतः तपासतो का, हे पाहावे. एका अक्षराने काय होते ते आपण पाहिले. आणि कुठल्याही कागदावर सही करायची ती त्याला भेटल्यानंतर, आधी नाही.